गटाची कृती लिहावी कशी?

पाककृती सांगण्याच्या तीन तऱ्हा आपण पाहतो. पहिली आजीची: मीठ अंदाजानं, पाणी लागेल तसं. ती हात बसलेल्या बाईलाच कळते. दुसरी वाटी-चमच्याची. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'नं हे माप घरोघरी नेलं. तिसरी वजनाची, ग्रॅममधली.

घरात पहिल्या दोन पुरतात. पण गटाची भाजणी विकायची तर तिसरीच हवी. वाटी प्रत्येकीची वेगळी. शिवाय वाटीभर तांदूळ आणि वाटीभर पोहे यांचं वजन सारखं नसतं. चकली कधी खुसखुशीत, कधी कडक निघाली की गिऱ्हाईक तुटतं. पाकिटावर घटकही वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात.

म्हणून आम्ही सुचवतो, जिच्या हाताला चव आहे तिनं भाजणी करावी, दुसरीनं प्रत्येक जिन्नस काट्यावर तोलून वहीत लिहावा. डाळ कितपत तांबूस झाली, वास कधी सुटला, हेही लिहावं; ते काट्याला कळत नाही. मग तिसरीनं नुसती वही वाचून करून पाहावं. कुणाला न विचारता जमलं, तर कृती पक्की. मग एखादी आजारी पडली तरी गटाची ऑर्डर अडणार नाही.