पान सत्तावीस

"बाई, मग सभा सुरू कशी झाली?"

परतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीच्या मुलीनं हा प्रश्न विचारला आणि त्यातून आमच्यासाठी दोन महिन्यांचं काम उभं राहिलं. ती मुलगी त्या दिवशी सरपंच झाली होती. वर्गाची ग्रामसभा भरली होती, ग्रामसेवक झालेला मुलगा पुस्तकातून वाचत होता, आणि ते पुस्तक आमचं होतं.

चौसष्ट पानांचं, दोन पिनांचं छोटं पुस्तक. मुलांनी भूमिका घेऊन करायचे नऊ प्रवेश: ग्रामसभा, टपाल कार्यालय, दवाखाना, आठवडी बाजार, दारू सोडायला निघालेला बाप आणि असे आणखी काही. प्रकाशक परतूरचेच. एक खोली, एक संगणक, वर्षाला तीन-चार पुस्तकं. हे पुस्तक त्यांनी ५०० प्रती छापलं, त्यातल्या ३१० शाळाशाळांत गेल्या. मुद्रितं मी तपासली होती.

पान सत्तावीसवर ग्रामसेवक गणपूर्तीचा नियम सांगतो. आपल्याकडे ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्या पुस्तकात छापलं होतं, "जी संख्या जास्त असेल तेवढी". प्रवेशातल्या गावात १,२०० मतदार. त्याचे १५ टक्के म्हणजे १८०. पान उलटलं की अठ्ठावीसवर ग्रामसेवक नोंदवहीतल्या सह्या मोजतो, "एकशे बारा" म्हणतो आणि सभा सुरू करतो. सरपंचबाईंनी फळ्यावर गुणाकार केला आणि अडून बसल्या. एकशे बारांवर सभा कशी? तहकूब करा.

त्या मुलीचं चुकलं नव्हतं. एका शब्दानं नियम उलटा झाला होता. 'कमी' आहे म्हणून मोठ्या गावातही शंभर माणसं जमली की सभा भरते, आणि ४०० मतदारांच्या वस्तीत साठ पुरतात. 'जास्त' केलं की वस्तीतल्या साठांना शंभर व्हावं लागतं आणि पाच हजार मतदारांच्या गावाला साडेसातशे माणसं जमवावी लागतात. शेतीच्या दिवसांत ती कुठून जमणार? पुढे ज्यांना खऱ्या ग्रामसभेत बसायचं आहे, त्या लेकरांना आम्ही हे शिकवत होतो.

वर्गाच्या बाई पुढच्या बाजाराच्या दिवशी पुस्तक घेऊन प्रकाशकांच्या खोलीवर आल्या. कागद वाचवायला आम्ही समास कोता ठेवला होता. त्यात त्यांचं लिखाण मावलं नाही, म्हणून पानापानाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तेवीस चिठ्ठ्या. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच आहे, आणि कागदाच्या चारही बाजूंनी जागा सोडा, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, हे त्यात सांगितलेलं आहे. आम्ही ते वाचलेलं होतं. पाळलं नव्हतं.

दुसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी बाईंनी आम्हाला मोठ्यानं वाचायला लावली. पान एकतीस, ओळ चौथी: "ग्किसनसभेला या."

तो शब्द असा तयार झाला होता. दारूच्या प्रवेशात बापाचं नाव राम होतं. छपाईला फाइल पाठवायच्या आदल्या रात्री प्रकाशकांना वाटलं, दारुड्याला हे नाव नको. त्यांनी संगणकाला सांगितलं, जिथे जिथे 'राम' असेल तिथे 'किसन' कर. संगणकाला माणूस आणि शब्दाचा तुकडा यांतला फरक कळत नाही. युनिकोडमध्ये 'ग्राम' हा शब्द ग, हलन्त, र, काना, म असा साठवलेला असतो. त्याच्या पोटात 'राम' अक्षरशः बसलेला असतो. आम्ही जुन्या फाँटांत काम करायचो, तेव्हा 'ग्र'मधली तिरपी रेघ ही वेगळी खूण असायची आणि हा शब्द सुटला असता. आता सुटला नाही. प्रकाशकांनी बापाचा प्रवेश नीट वाचून पाहिला, पण अदलाबदल सगळ्या पुस्तकात झाली होती. दवाखान्यातली डॉक्टर रोग्याला सांगत होती, "दोन दिवस आकिसन करा." टपाल कार्यालयात दोन म्हातारे भेटताच एकमेकांना म्हणत होते, "किसनकिसन, पाटील!"

असं मोठमोठ्यांच्या पुस्तकातही झालेलं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ आणला. त्याला पट लागत नाही. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, आणि काय चालतं, काय चालत नाही हे पुस्तकात पाहायचं. टीएसआर ही त्याची प्रकाशन कंपनी. तिनं १९९०च्या दशकात जादूच्या वस्तूंचा एक कोश काढला. त्यात जादूगारासाठी असलेला 'मेज' हा शब्द एका फटक्यात बदलून 'विझर्ड' केला गेला. इंग्रजीत 'डॅमेज' आणि 'इमेज' हे शब्दही त्याच अक्षरांनी संपतात. पुस्तक बाहेर पडलं तेव्हा पानोपानी इजेच्या जागी 'डविझर्ड' छापलेलं होतं. तो शब्द त्या खेळाच्या जगात अजून सांगितला जातो.

पण मला त्यातलं हसू येत नाही, कारण अशा पुस्तकाची गोष्टच वेगळी आहे. कादंबरीतली चूक वाचक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. करून बघायच्या पुस्तकातली चूक लेकराच्या तोंडी बसते. फाँट बदलताना आमच्या काही सूचनांचे कंस उडाले होते. एका मुलानं सगळ्या वर्गासमोर मोठ्या आवाजात वाचलं, "रडत रडत आई, मला शाळेत जायचंय." त्याला काय माहीत, 'रडत रडत' हे बोलायचं नसून करायचं होतं! पोरं हसली आणि तो खाली बसला. बाईंनी ते सांगितलं तेव्हा प्रकाशक बराच वेळ काही बोलले नाहीत.

सगळ्या चिठ्ठ्या मात्र आम्ही मानल्या नाहीत. बाईंचं माहेर नगरकडचं. त्यांनी 'कामून', 'लई', 'तिकडं', 'मी बी येतो' यांवरही लाल खूण केली होती. असे पाच शब्द होते. परतूर १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तोपर्यंत परभणी जिल्ह्यात होतं, आणि बोली आजही त्याच बाजूची आहे. इथलं लेकरू 'का' म्हणत नाही, 'कामून' म्हणतं. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले. पात्राच्या तोंडची बोली बोलतात तशी 'असं', 'केलं' लिहायला त्यांतही मोकळीक आहे. बाईंशी यावर तासभर वाद झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे, हे तुमचं. बाकी अठरा माझे." टीका आली की सगळीच मान्य करून मोकळं व्हायचा मोह असतो. पण तेवीसला तेवीस मानल्या असत्या तर आम्ही तेवीसही वाचल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ झाला असता.

मग प्रश्न आला तो शाळांना पत्र लिहायचा. पहिला मसुदा प्रकाशकांनी केला. त्यात मराठीतलं नेहमीचं वाक्य होतं: मुद्राराक्षसाच्या कृपेमुळे काही दोष राहून गेले आहेत. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकातली मुद्रा ही अंगठी आहे आणि राक्षस हे नंदांच्या अमात्याचं नाव. छापखान्याशी त्याचा काही संबंध नाही. तरी आपण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या चुका त्याच्या माथी मारत आलो. मी तो मसुदा बाजूला ठेवायला सांगितला, कारण तोवर मी मूळ हस्तलिखित काढून पाहिलं होतं.

लेखकानं 'कमी' लिहिलं होतं. स्वच्छ, गोल अक्षरात. पहिल्या मुद्रितातही 'कमी'च होतं. त्यावर लाल शाईनं काट मारून समासात 'जास्त' लिहिलेलं होतं आणि ते अक्षर माझं होतं. गणपूर्ती म्हणजे निदान एवढी माणसं हवीत, तेव्हा मोठी संख्याच असणार, असं मला त्या क्षणी वाटलं असावं. कायदा उघडून पाहायला पाच मिनिटं लागली असती. नजर चुकली असती तर ती गोष्ट वेगळी. हे मी शुद्ध करायला बसून अशुद्ध केलं होतं.

त्या रात्री मला पैठण आठवत राहिलं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ लिहिला गेल्याला तीनशे वर्षं होत आली होती आणि नकलांमध्ये पाठ बिघडले होते. ते सगळे काही झोपाळू नकलकारांनी बिघडवले नसणार. आपल्याला जास्त कळतं असं वाटून ओवी सुधारणारे त्यांत होतेच, आणि शुद्ध प्रतीच्या शेवटी नाथांनी ताकीद दिली आहे ती अशा लोकांना, स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्यांना. याच नाथांनी जोशी, गोंधळी, वासुदेव, भुत्या अशी किती सोंगं भारुडांतून बोलती केली. दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं तर त्याचा शब्द किती जपावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल?

पत्र शेवटी चार ओळींचं झालं. पान सत्तावीसवरचा गणपूर्तीचा नियम उलटा छापला आहे. बरोबर नियम असा आहे. चूक आमची आहे. दुरुस्त पान घेऊन आम्ही येतो, तोवर तो प्रवेश करू नये. त्याखाली उरलेल्या सतरा दुरुस्त्यांचं शुद्धिपत्र.

पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, असं म्हणून थांबता आलं असतं. बहुतेक ठिकाणी तेच होतं. पण पुढची आवृत्ती पुढच्या मुलांच्या हाती पडते. चुकीची प्रत ज्या मुलाच्या दप्तरात आहे त्याला तिचा काही उपयोग नाही. मी हे म्हटल्यावर प्रकाशकांनी काही न बोलता बिलबुकं काढली. कार्बनच्या निळ्या नकलांवरून शाळांची यादी केली. ३१० पैकी २६८ प्रतींचा पत्ता लागला. बाकीच्या ४२ रोखीनं गेल्या होत्या.

पान बदलणं दिसतं तेवढं सोपं नाही. पिन मारलेल्या पुस्तकात कागद एकात एक घातलेले असतात आणि एका कागदावर चार पानं येतात. चौसष्ट पानांच्या पुस्तकात कागदाच्या एकाच बाजूला शेजारी छापलेल्या दोन पानांची बेरीज नेहमी पासष्ट होते. सत्तावीसच्या जोडीला अडतीस, अठ्ठावीसच्या जोडीला सदतीस. म्हणजे एक शब्द बदलायला चार पानं पुन्हा जुळवायची, पुन्हा वाचायची, पुन्हा छापायची. या वेळी ती मी वाचली, लेखकानं वाचली आणि बाईंनी वाचली. सदतीसवरचा 'आकिसन' त्यातच निघून गेला.

मग बैठक. खोलीत सतरंजी अंथरून उरलेल्या १९० प्रती मांडल्या. आधी चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनं पिनेचे दोन्ही पाय उभे करायचे. घाई केली की मुखपृष्ठ फाटतं, पहिल्या आठ प्रतींत ते फाटलंच. पुस्तक मधोमध उघडून पिनेवरून वरचे कागद एकेक उचलायचे. चौसष्ट पानांचे सोळा कागद, त्यात मधून धरलं तर आपला तिसरा येतो. तो काढायचा, नवा बसवायचा, पण जुन्या भोकांवर नवा कागद बरोबर येत नाही, म्हणून सगळी थप्पी ठोकून कडा एक करायची आणि लांब हाताच्या स्टेपलरनं जुन्या भोकांच्या जरा वर नवी पिन मारायची. प्रकाशकांची आई दाराशी बसून शुद्धिपत्राच्या कडेला डिंकाचं बोट फिरवत होत्या. फक्त कडेला, नाहीतर पान आखडतं. हात बसल्यावर एका प्रतीला तीन मिनिटं लागायला लागली.

शाळांत गेलेल्या प्रती तिथे जाऊनच बदलल्या. आष्टी, वाटूर आणि मंठ्याकडच्या शाळा मोटरसायकलवर केल्या, सेलू आणि जालना रेल्वेनं. पिशवीत नवे कागद, स्टेपलर, डिंकाची बाटली. काही शाळांत पुस्तकं कपाटात कुलूपबंद होती, अजून कुणी उघडली नव्हती. एका ठिकाणी मुख्याध्यापक म्हणाले, "एवढ्यासाठी आलात? फोनवर सांगितलं असतं, पेनानं खोडलं असतं." पण खोडलेलं पान आणि छापलेलं पान यांत मुलं छापलेल्यावर जास्त विश्वास ठेवतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी चहा सांगितला आणि स्वतः चार प्रतींच्या पिना काढून दिल्या.

बेचाळीस प्रती अजून बाहेरच आहेत. त्यातली एक मला सेलूच्या फलाटावर, मराठवाडा एक्सप्रेसची वाट बघणाऱ्या एका मुलाच्या हातात दिसली. पिशवीतून कागद काढला आणि बाकड्यावर बसून बदलून दिला. गाडी येईपर्यंत त्याच्या आईनं पुस्तक उलटंपालटं करून दोन्ही पिना तपासल्या.

काढलेल्या जुन्या कागदांचा गठ्ठा खोलीत पडून होता. तो रद्दीत घालायचं ठरलं त्याच दिवशी बाई आल्या. म्हणाल्या, "टाकू नका, मला द्या. प्रत्येकाला एकेक कागद देते आणि चूक शोधायला सांगते." प्रकाशकांनी तो सुतळीनं आवळून त्यांच्या स्कूटीच्या पायापाशी ठेवला. मी माझ्या टेबलावरच्या लाल पेनांची डबी वर ठेवली.