नाक्यावरचा परवाना आणि लॉगिननंतरची वाट

आलापल्लीच्या अरण्यातील सागवान बल्लारपूरच्या आगाराकडे निघते तेव्हा लठ्ठ्यावर हातोड्याचा छाप आणि गाडीवाल्याच्या हाती वाहतूक परवाना असावा लागतो. नाक्यावरचा वनरक्षक तो परवाना पडताळतो, देत मात्र नाही. कारण वनोपजाच्या वाहतुकीचे नियमन १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या ४१व्या कलमाने शासनाकडे सोपविले आहे. २०११च्या एप्रिलात धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या परवान्यांचे पुस्तक मिळाले, तेव्हा नाके होते तेथेच राहिले आणि परवाना देण्याचा अखत्यार तेवढा गावाकडे आला.

अशा परवान्यांच्या नोंदींसाठी पीएचपीतील सिम्फनी या चौकटीत एखादे संकेतस्थळ उभारावयाचे झाले, तर ग्रामसभेचा सचिव, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि वनरक्षक हे तिघे एकाच लॉगिनने आत येणार, पण प्रत्येकाचे दप्तर निराळे असणार. त्यासाठी स्वतःचा लॉगिन हँडलर लिहावा लागतो. हा एक क्लास असून, ओळख पटताच चौकट त्याची एकमेव पद्धत बोलावते, आलेली विनंती आणि वापरकर्त्याचे टोकन तिच्या स्वाधीन करते, आणि त्या टोकनातील भूमिका पाहून ती पद्धत ज्याला त्याला त्याच्या पानाकडे रवाना करते. सुरक्षेच्या यामल फायलीत, लॉगिन फॉर्मच्या रकान्यात, ‘सक्सेस हँडलर’ म्हणून या क्लासचे नाव नोंदविले की नेमणूक पुरी झाली.

खरी मेख पुढे आहे. मूळचा हँडलर, वापरकर्ता कोणत्या पानावरून लॉगिनकडे परतविला गेला हे सत्रातून वाचून त्याला तेथेच पोचवितो. आपला हँडलर नेमताच ही सोय आपोआप मिळेनाशी होते आणि ती आपणच लिहावी लागते. न लिहिल्यास विशिष्ट परवाना पाहावयास आलेला अधिकारी दर खेपेस आपल्या भूमिकेच्या ठरलेल्या पानावरच येऊन पडतो. मात्र पुढचा पत्ता विनंतीतून आला असेल, तर तो बिनदिक्कत मानू नये. त्याच वाटेने वापरकर्त्याला परक्या, फसव्या संकेतस्थळावर नेता येते.

याहून मोठा गैरसमज असा की योग्य पानावर पाठविले म्हणजे बंदोबस्त झाला. हँडलर वाट दाखवितो, अधिकार देत नाही. ज्याला पत्ता ठाऊक आहे तो हाताने टंकून कोणतेही पान मागू शकतो. म्हणून प्रवेशाचे नियम त्याच यामल फायलीत स्वतंत्र लिहावे लागतात. तेवढ्यानेही भागत नाही, कारण दोन ग्रामसभांच्या सचिवांची भूमिका एकच असते. एकाने दुसऱ्याच्या परवान्यात फेरफार करू नये यासाठी, हा परवाना कोणत्या ग्रामसभेचा हे दर वेळी तपासणारा ‘व्होटर’ नेमावा.