अवरक्त नजर (७) : दहातला एक फोटॉन

क्वांटम वेल म्हणजे इलेक्ट्रॉन अडकवणाऱ्या अतिपातळ थरांच्या ‘विहिरी’. त्यांच्याकडे प्रकाश तिरपा वळवणाऱ्या जाळीबद्दल आज लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण एका वाचकाने मुद्द्याचाच प्रश्न विचारला आहे : मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा डिटेक्टर निम्म्याहून जास्त फोटॉन पकडतो आणि क्वांटम वेलचा बहुतेक वेळा दहातला एकही धड पकडत नाही, तर असला दुबळा डिटेक्टर वापरावाच कशाला? एका सुट्या पिक्सेलपुरता हा आक्षेप खराच आहे. चित्र काढायला लाखो पिक्सेल मांडले की मात्र हिशेब बदलतो. ८ ते १२ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात माणूस, भिंत, झाड, जमीन सगळे ३०० केल्विनच्या आसपास, म्हणून सगळेच उजळ. १० मायक्रोमीटरला तापमान एका अंशाने वाढले तर उजेड जेमतेम १.६ टक्क्याने वाढतो. म्हणजे फोटॉन मुबलक, तुटवडा आहे तो फरकाचा. शिवाय पिक्सेलखालच्या चिपमधला कपॅसिटर ही ठरावीक मापाची बादली आहे. कार्यक्षम डिटेक्टर ती क्षणात भरतो आणि उरलेला वेळ वाया जातो. आपला संथ गडी तीच बादली सावकाश भरतो. भरलेल्या बादलीतला गोंगाट दोघांचा जवळपास सारखाच.

खरी लढत आहे पिक्सेलांच्या एकसारखेपणाची. वरच्याच हिशेबाने, दुरुस्ती करूनही शेजारच्या दोन पिक्सेलांच्या प्रतिसादात एक हजारांशाचा फरक उरला, तर चित्रात सुमारे ०.०६ अंशाचा खोटा फरक दिसतो. फरक एक टक्का असला, तर अर्ध्या अंशाहून अधिक. टेल्युराइडमध्ये डिटेक्टर कुठल्या तरंगलांबीपर्यंत पाहील, हे पारा आणि कॅडमियमच्या प्रमाणावर ठरते. कॅडमियमच्या वाट्यात एक हजारांशाची चूक झाली, तरी १० मायक्रोमीटरजवळची ही मर्यादा ०.१ मायक्रोमीटरहून जास्त सरकते. त्यात पारा स्फटिकात घट्ट बसत नाही. क्वांटम वेलमध्ये गॅलियम आर्सेनाइड हा लेसरवाल्यांनी पुरता माणसाळवलेला पदार्थ असतो आणि १० मायक्रोमीटरचा फोटॉन शोषायला लागणारी ०.१२४ इलेक्ट्रॉनव्होल्टची बारीक ऊर्जा-पायरी मुख्यतः विहिरीच्या रुंदीतून येते. जवळपास ५ नॅनोमीटरची ही रुंदी अणूंच्या थरावर थर चढवत राखता येते. विहिरीतल्या अशा पायरीवर होणारे प्रकाशाचे शोषण वेस्ट आणि एग्लॅश यांनी १९८५मध्ये दाखवले, आणि १९८७मध्ये बेल लॅब्जमध्ये लेव्हिन व सहकाऱ्यांनी त्यातून डिटेक्टर घडवला.

‘असमानता सॉफ्टवेअरने काढता येते ना?’ येते, पण दोन ज्ञात तापमानांवर केलेली दुरुस्ती त्या दोन तापमानांजवळच नीट टिकते. पिक्सेलांच्या तरंगमर्यादाच वेगळ्या असतील, तर दृश्य बदलताच ती उसवू लागते. थंड करण्याचा आक्षेप जास्त जड आहे : विहिरीतून इलेक्ट्रॉन उष्णतेनेच निसटतात, म्हणून त्याच पट्ट्यातल्या टेल्युराइडपेक्षाही हा डिटेक्टर जास्त थंड ठेवावा लागतो. तरीही २०१३च्या लँडसॅट-८ उपग्रहावरच्या औष्णिक उपकरणासाठी नासाने ६४० गुणिले ५१२ पिक्सेलांचे तीन क्वांटम वेल डिटेक्टर निवडले आणि ते ४३ केल्विनच्या खाली ठेवले. मला ही निवड रास्त वाटते. तिथे जमिनीची एकेक उभी रेघ एकेक पिक्सेल वाचतो. तो शेजाऱ्याहून वेगळा वागला, तर सगळ्या चित्रावर पट्टा उमटतो. सेकंदाला ७० वाचने घेऊन, जमिनीवरच्या १०० मीटरच्या चौकोनात, या उपकरणाने एका अंशाच्या विसाव्या भागापर्यंतचे फरक टिपले. मागणी होती फक्त ०.४ अंशाची. पुढे त्याच्या आकड्यांत भटक्या प्रकाशाची भेसळ निघाली, पण तो दोष भिंगांच्या रचनेचा. म्हणून तर २०२१च्या लँडसॅट-९वरही डिटेक्टर याच जातीचा गेला.

जिथे फोटॉनच मोजके, म्हणजे थंड आकाशातली फिकट वस्तू किंवा क्षणार्धात टिपायचे लक्ष्य, तिथे वाचकाचा आक्षेप पूर्ण लागू पडतो. तिथे टेल्युराइडच घ्यावे.