फोनवरची अटक आणि घरातली म्हातारी माणसं

छातीत कळ आली की पहिला तास मोलाचा, हे आम्ही नेहमी सांगतो. खात्यातून पैसे गेल्यावरही तसेच असते. ठग ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवतात आणि मग काढून घेतात. त्याआधी १९३० या क्रमांकावर तक्रार गेली तर बँका पैसे वाटेतच अडवू शकतात. पण हा तास बहुतेक घरांत गप्प बसण्यात जातो.

बिडकीन आणि आसपासच्या गावांत रक्तदाब तपासायला गेलो की हे लक्षात येते. गोळ्या चालू, तरी आकडा वाढलेला. झोप नाही, जेवण तुटलेले. खोदून विचारले की फोनची गोष्ट निघते. पैशापेक्षा जास्त भीती कसली, तर "तुम्हाला कोणी सांगितलं होतं बटण दाबायला?" या वाक्याची. हे वाक्य घरात बोललेच जाऊ नये, एवढे तरी तरुणांनी करावे. ठग हा शिकलेल्यांनाही फसवतो. तो त्याचा धंदा आहे.

मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका आजींचे प्रकरण पाहा. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात पोलीस असल्याची बतावणी करून त्यांना 'डिजिटल अटके'त ठेवले आणि २० कोटींहून अधिक रुपये काढले. कोणाशी बोलायचे नाही, ही त्यातली पहिली अट. आजी खोलीतून बाहेर येईनात, हे आधी लक्षात आले ते घरकामाच्या बाईंच्या. त्यांनी मुलीला सांगितले. आपल्याही आयाबहिणी घरकाम करतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय, कोणीही फोनवर पैसे मागत नाही.

आपल्याकडे कोटी नाहीत म्हणून निश्चिंत राहू नका. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, मोबदला खात्यात आला. श्रावणबाळ, निराधारचे अनुदानही खात्यातच येते. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल उघडली की मोबाइलचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकतो. सत्तर वर्षांवरील लोकांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड मोफत आहे. अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी सांगून ते काढायचे नसते.

अंगठ्याचे वेगळेच. पैसे काढताना "ठसा आला नाही, पुन्हा लावा" म्हटले, तर आधी पहिल्या व्यवहाराची पावती मागा. म्हाताऱ्या बोटांचे ठसे झिजतात, हे खरे; पण त्याचाच फायदा घेणारे आहेत. आधारचे ठसे एम-आधार ॲपवरून लॉक करता येतात. पैसे काढायच्या दिवशी तेवढे उघडायचे. हे काम नातवंडांनी करून द्यावे.

पैसे गेलेच, तर १९३० ला सांगायला व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपली बँक एवढे हाताशी घ्या. ठगाचे मेसेज पुसू नका. लगेच बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून "मुलगा संध्याकाळी कंपनीतून आला की सांगू" असे म्हणू नका.

त्यानंतर काही आठवडे त्या माणसाला एकटे सोडू नये. बीपी-शुगर तपासावी, गोळ्या चुकू देऊ नयेत. "आता जगून काय करायचं" असे कोणी बोलले तर ते हसण्यावारी न नेता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे काढा आणि प्रत्येक आजी-आजोबांच्या मोबाइलच्या पाठीमागे १९३० ठळक अक्षरांत चिकटवून द्या.