बाकी उरते तेव्हा

“तिनाला आठाने भाग जात नाही,” असे वर्गातला मुलगा सांगतो, तेव्हा तो चुकत नसतो. भागाकाराचे पहिले धडे देताना आम्हीच त्याला तसे शिकवलेले असते. पुढे तीन अष्टमांशाचे दशांश अपूर्णांकात रूपांतर करावयाची वेळ आली, की आम्हीच त्याला फर्मावतो, “तिनापुढे शून्य ठेव आणि भाग दे.” हे शून्य आले कुठून, असे एखाद्याने विचारलेच, तर “तशी रीत आहे” या उत्तरावर त्याची बोळवण होते. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच शिकवले. उत्तरे बरोबर येत. पण गणितात ‘का’ विचारावयाचे नसते, हा धडाही मुले त्याबरोबर घेत होती, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

वस्तुतः त्या शून्याचा अर्थ रुपयाच्या मोडीत आहे. तीन रुपये आठ जणांत वाटावयाचे आहेत. अखंड रुपया कोणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून उत्तरात आधी शून्य, मग दशांशचिन्ह. आता त्या रुपयांची मोड करून दहा-दहा पैशांची तीस नाणी झाली असे समजा. तिनाचे तीस झाले ते असे! प्रत्येकाला तीन नाणी मिळून सहा उरली. त्यांचे साठ पैसे. प्रत्येकी सात देऊन चार उरले. एकेका पैशाचे दहा भाग कल्पिले, तर चाळीस भाग; प्रत्येकी पाच, बाकी शून्य. उत्तर ०.३७५ रुपये, म्हणजे साडेसदतीस पैसे.

१ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावली बरोबर पंचवीस पैशांची झाली. आणा मात्र सव्वासहा पैशांचा. एकाला सोळाने भागून पाहावे: ०.०६२५. सुट्या आण्याला नव्या पैशांत नेमकी जोड का नव्हती, ते हा भागाकार दाखवतो.

एकाला सातांनी भागले, तर बाकी संपतच नाही: ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सातांनी भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. तेव्हा एखादी जुनी बाकी परतणारच. ती परतली, की १४२८५७ हे अंकही त्याच क्रमाने परततात. मुलांना हे आधी सांगू नये. प्रत्येक बाकी बाजूला लिहावयास लावावी आणि थांबावे. “गुरुजी, पुन्हा एकच आला!” असे एखादे मूल ओरडते, तेव्हा त्याने रीत नव्हे, कारण पाहिलेले असते.