तापाची खबर कोण देते?

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघरी ड्रम भरून ठेवलेले असतात. त्या साठवलेल्या पाण्यात अंड्यापासून पूर्ण डास व्हायला डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. ताप वाढू लागला की कुजबुजही सुरू होते.

गैरसमज : खासगी लॅबने डेंग्यू पॉझिटिव्ह सांगितला, तरी महापालिका तो मोजत नाही, म्हणजे आकडे लपवतात.

वस्तुस्थिती : झटपट पट्टीवरच्या चाचणीला सरकारी नोंदीत 'संशयित' एवढाच दर्जा आहे. निदान पक्के होते ते एलायझाने. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 आणि नंतर आयजीएम तपासतात. हे काम ठरवून दिलेल्या सेंटिनल प्रयोगशाळांत चालते. त्यांना लागणारे आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था (एनआयव्ही) बनवून देशभर पाठवते. हा फरक लोकांना कुणी समजावून सांगत नाही, ही यंत्रणेची उणीवच. आणि संशयित रुग्ण सापडताच ड्रम तपासायला हवेत. पक्क्या अहवालाची वाट पाहत बसणे चूक.

गैरसमज : साथ प्रयोगशाळा शोधून काढते.

वस्तुस्थिती : प्रयोगशाळा फक्त तिच्यापर्यंत आलेल्या नमुन्याबद्दल बोलते. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि मग प्लेगचे रुग्ण दिसले. पहिली खूण गावातच होती. 2004 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची घडी म्हणूनच तिपेडी ठेवली गेली : लक्षणांची नोंद आरोग्यसेविका करते, संभाव्य निदानाची डॉक्टर आणि खात्रीची प्रयोगशाळा. गल्लीतल्या डॉक्टरने कळवलेच नाही, तर पुढची सारी साखळी आंधळी राहते. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढल्याचे लक्षात आले आणि मग त्यांच्या नमुन्यांत एनआयव्हीला कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला.

नमुने सगळे पुण्यालाच जातात, हेही खरे नाही. कोविडच्या काळात शहरातल्या घाटी रुग्णालयातच तपासणी सुरू झाली होती. आणि पुण्यात पाषाणला असलेल्या एनआयव्हीच्या बीएसएल-4 (सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीच्या) प्रयोगशाळेत घातक विषाणू 'बनवतात' ही तर निव्वळ अफवा. निपाह, क्रायमीन-काँगो तापासारखे जीवघेणे विषाणू बाहेर न पडता तपासता यावेत, यासाठी ती आहे.

एकाच गल्लीत तापाचे तीन-चार रुग्ण दिसले, तर जवळच्या मनपा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.