शेवटच्या तारखेपर्यंत

परळच्या टाटा रुग्णालयात लहान मुलांच्या ओपीडीला समाजसेविका बसतात. त्यांच्या टेबलाशेजारी थोडा वेळ काढला की लक्षात येतं, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेले आईबाप आधी पैशांचं विचारत नाहीत. ‘किती दिवस राहावं लागंल?’ हे विचारतात. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाला दोन ते अडीच वर्षं उपचार लागतात, आणि त्यातले सुरुवातीचे काही महिने मुंबईबाहेर जाता येत नाही. हे ऐकलं की बाप गप्प होतो. जनावरं कुणाकडे सोडायची, धाकटीला कोण बघणार, मुकादमाची उचल कशी फेडायची, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागतो.

ताई फाइल उघडतात आणि विचारत जातात. रेशनकार्ड कुठलं, पिवळं की केशरी? घरात कमावतं कोण? कुणाकडून उसने घेतलेत का? मग सहज विचारावं तसा प्रश्न येतो, ‘मुंबईत उतरलात कुठे?’

‘इथंच. बाहेर.’

बाहेर म्हणजे रुग्णालयासमोरचा फुटपाथ. माझ्या मते या टेबलावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच. केमो सुरू झाली की मुलाच्या पांढऱ्या पेशी उतरतात. त्या काळात ताप आला तर ती तातडीची वेळ असते. तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं. वसईच्या फ्लॅटमधलं मूल आणि फुटपाथवरचं मूल यांना औषध तेच, डोस तोच, डॉक्टरही तेच. पण एकाच्या घरात उकळलेलं पाणी आहे आणि दुसऱ्याला सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहायचं आहे. विषमता औषधाच्या बाटलीत नसते, ती बाटलीच्या आजूबाजूला असते, आणि दानाचा पैसा पोहोचायला हवा तो नेमका तिथे.

हे रुग्णालयच मुळात दानातून उभं राहिलं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानेच, गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे पती दोराबजी टाटा यांनी त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी निधी ठेवला, आणि त्याच वर्षी तेही गेले. सर दोराबजी टाटा ट्रस्टने बांधलेलं रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, म्हणजे इमारत, डॉक्टर, यंत्रं यांचा मोठा भार सरकार उचलतं. गरीब रुग्णांवर तिथे जवळजवळ मोफत उपचार होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या सरकारी योजना आहेत. वेगवेगळे ट्रस्ट मदत देतात ती रुग्णालयामार्फत जमा होते, पालकांच्या हातात रोख येत नाही. ही पद्धत मला योग्य वाटते. पण खोलीचं भाडं, रोजचं दूध-अंडी, गावाहून येण्याजाण्याचं तिकीट, बुडालेली मजुरी? यातलं काहीच उपचारांच्या बिलात दिसत नाही, आणि उपचार अर्धवट सुटतात ते बहुतेक वेळा यापायीच.

२००९च्या सुमारास टाटात उपचार नाकारणाऱ्या किंवा मधेच सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण पाचात एकाच्या आसपास होतं. त्या सुमाराला ‘इम्पॅक्ट’ या नावाने देणग्यांवर चालणारं काम उभं राहिलं. पैसा, राहणं, खाणं, समुपदेशन आणि पाठपुरावा हे सगळं एकाच ठिकाणी आलं, आणि काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली उतरलं. नवं औषध न शोधता एवढी मुलं उपचारात टिकली. एखाद्या नव्या गोळीने हे केलं असतं तर वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं असतं.

राहण्याच्या सोयीसाठी ताईंच्या हाताशी दोन-चार दारं असतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कितीतरी वर्षं कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना ठेवून घेते आहे. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड्सची केंद्रं तर फक्त कर्करोगाच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी आहेत, तीही मोफत. तिथे आई स्वतःच्या हाताने स्वयंपाक करते. केमोने तोंड आलेलं मूल ताटाला हात लावत नाही, पण आईने केलेला मऊ भात दोन घास का होईना पोटात जातो. कुपोषित मुलाला केमो झेपत नाही, हे डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत असतात.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते मात्र फोनचं काम. ठरलेल्या तारखेला जे मूल आलं नाही, त्याचं नाव यादीत चढतं आणि ताई घरी फोन लावतात. धोका असतो तो शेवटच्या टप्प्यात. तोवर मूल गावी गेलेलं असतं, घरीच गोळ्या घेत असतं. केस परत आलेले असतात, शाळा सुरू झालेली असते. बघणाऱ्याला ते बरं झालेलंच दिसतं. गोळ्या तेव्हा बंद पडल्या तर रोग उलटू शकतो, आणि उलटलेला रोग आवरणं फार कठीण. यादीत मुलीचं नाव दिसलं की ताई जरा जास्तच नेट लावतात. हा आजार मुलग्यांत थोडा जास्त असतो, पण आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत मुलगे आणि मुली यांच्या संख्येत जी तफावत दिसते ती त्याहून मोठी आहे. काही मुली ओपीडीपर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचलेली तरी सुटू नये.

देणगीदारांना यंत्र द्यायला आवडतं, वॉर्ड बांधून द्यायला आवडतं. त्यावर नावाची पाटी लागते. त्यात गैर काही नाही, यंत्रंही लागतातच. पण फोन करणाऱ्या ताईचा पगार द्यायला, तिकिटाचे पैसे द्यायला लोक सहज तयार होत नाहीत. त्याला ‘वरखर्च’ म्हणतात. माझं सरळ म्हणणं आहे की हाच मूळ खर्च आहे. ज्यांना द्यायचं आहे त्यांनी कुठलीही अट न घालता द्यावं आणि कुठे घालायचं ते या टेबलाला ठरवू द्यावं.

‘दादा, टाटातून बोलतेय. मुलीची तारीख मागच्या आठवड्यात होती. कशी आहे?’

पलीकडे परभणीकडचा आवाज. ‘बरी हाय की ताई. शाळंत जातीय.’

‘गोळ्या आहेत का?’

‘संपल्या.’ मग थोडं थांबून, ‘पेरणी चालू झालीय. अन् हातात पैसाबी न्हाई.’

ताई रागावल्या नाहीत. आईला पाठवता येईल का, एवढंच विचारलं. मामा सोबत येऊ शकतो असं कळलं. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट फुकट असतं, सोबत्याला पाऊण भाडं माफ. तो सवलतीचा फॉर्म घरात जपून ठेवलाय का, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. रविवारी रात्रीची देवगिरी ठरली. बाकीच्या भाड्याचं इथे आल्यावर बघू, म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी लगेच धर्मशाळेचा नंबर फिरवला, ‘आई, मुलगी आणि मामा, तिघं. सोमवारपासून चार दिवस. खालच्या मजल्यावर मिळालं तर बघा ना.’